एबरहार्ड वेबर यांचा ‘कलर्स’ संच: तीन सीडी आणि गाणारा बास

‘यलो फील्ड्स’, ‘सायलेंट फीट’ आणि ‘लिटल मूव्हमेंट्स’. जर्मन बासवादक एबरहार्ड वेबर यांच्या ‘कलर्स’ या चौकडीने १९७५ ते १९८० या काळात ईसीएम या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेल्या या तीन रेकॉर्ड आता एका पेटीत मिळतात. तिन्ही मिळून साधारण १३० मिनिटांचं संगीत. घ्यावा का, याचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. पण बासवादकाचा संच म्हणून ऐकायला बसलात तर पहिल्या वीस मिनिटांत गोंधळ उडतो, कारण बास नेहमी जिथे असतो तिथे तो सापडत नाही. तो वर असतो, सॅक्सोफोनच्या शेजारी, आणि बऱ्याचदा चाल त्याच्याच हातात असते.

जॅझमध्ये बासवादकाचं ठरलेलं काम म्हणजे प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालत राहणं. ते तो नीट करत असला की कुणाचं लक्ष जात नाही, आणि चुकला की सगळ्यांचं जातं. वेबर यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. त्यांचा जन्म १९४० चा, स्टुटगार्टचा. लहानपणी चेलो, सोळाव्या वर्षापासून बास. साठच्या दशकात ते पियानोवादक वुल्फगांग डाउनर यांच्या ट्रायोत होते. स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड, ‘द कलर्स ऑफ क्लोई’, त्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित केली, तेव्हा चौतिशी गाठायला महिना उरला होता. आयुष्याची पहिली तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभं राहिलेला वादक जेव्हा पुढे येतो, तेव्हा त्याला मागची जागा आतून ठाऊक असते. ‘कलर्स’मध्ये ते ऐकू येतं. वेबर चाल वाजवत असतात तेव्हा खालची जागा रिकामी पडत नाही. ती पियानोच्या डाव्या हाताला, सिंथेसायझरच्या लांब स्वरांना किंवा चक्क शांततेला दिलेली असते.

हे शक्य झालं ते वाद्यामुळे, म्हणून वाद्याबद्दल थोडं सविस्तर. वेबर वाजवत तो उभा बास आहे, पण त्याला नेहमीचं मोठं लाकडी पोट नाही. जुन्या इटालियन बनावटीच्या इलेक्ट्रिक बासवरून त्यांनी आपलं वाद्य घडवून घेतलं. लांब पट्टी, छोटी चौकोनी पेटी आणि पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग), एवढाच त्याचा पसारा. साध्या डबल बासमध्ये तार छेडली की तिची ऊर्जा घोडीवाटे पटकन पोटात उतरते, लाकूड हलतं, आवाज बाहेर पडतो आणि तार लवकर निवते. म्हणून त्याचा स्वर ‘ढुम्’ असा येतो आणि विरतो. पोट काढून टाकलं की ती ऊर्जा बाहेर पडायला फारशी वाट राहत नाही. तार हलत राहते, आवाज पिकअप आणि अँप्लिफायर देतात, आणि स्वर कितीतरी जास्त वेळ टिकतो. स्वर टिकला की तो ओढता येतो. पट्टीवर पडदे नसल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने जाता येतं, आणि जाताना आवाज मध्येच मरत नाही.

पाचवी तार ही दुसरी गोष्ट. नेहमीच्या ई, ए, डी, जी या चार तारांच्या वर वेबर यांनी एक उंच सी तार चढवली. आकड्यांत सांगायचं तर मोकळ्या तारा अनुक्रमे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या आसपास, आणि ही नवी तार साधारण १३१ हर्ट्झवर. फरक लहान दिसतो, पण हाताच्या दृष्टीने मोठा आहे. चार तारांच्या बासवर चेलोइतक्या उंच स्वरांत गायचं तर अंगठा पट्टीवर आडवा टेकवून पार खाली घोडीच्या दिशेने उतरावं लागतं. तिथे बोटांतलं अंतर आक्रसतं आणि तारेचा आवाज बारीक, कोरडा होतो. सी तारेमुळे तेच स्वर वाद्याच्या मानेच्या सोयीच्या भागात मिळतात, तारेची लांबी उरते आणि आवाजाला गोलाई राहते. वेबर यांच्या स्वराला अनेकजण मानवी आवाजाची उपमा देतात. त्यामागे लहानपणीचा चेलो आहे, तसंच हे साधं भूमितीचं गणितही आहे.

आता सीडींकडे.

‘यलो फील्ड्स’ ही तिन्हींत सर्वांत भरलेली. सप्टेंबर १९७५, लुडविग्सबुर्गचा टोनस्टुडिओ बाउअर, निर्माते मानफ्रेड आयशर (हे स्वतः आधी बासवादक, ही गोष्ट ईसीएमच्या ध्वनीबद्दल बरंच सांगून जाते). कीबोर्डवर रायनर ब्रुनिंगहाउस, ड्रमवर नॉर्वेचे यॉन क्रिस्टेन्सन, आणि सोप्रानो सॅक्सोफोनवर चार्ली मारियानो. मारियानो मूळचे अमेरिकेतल्या बॉस्टनचे, पण या रेकॉर्डच्या श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे शहनाई आणि नादस्वरमही आहे. नादस्वरम ते दक्षिण भारतात शिकले होते. मराठी कानाला इथे एक अडचण येऊ शकते: शहनाईसारखा आवाज आला की आपण नकळत राग शोधायला लागतो. तो शोधू नका. मारियानो या वाद्यांचा टोकदार, रेटून येणारा आवाज वापरतात, रागाची चौकट नाही. खाली पियानोचे सूर बदलत असतात आणि ही वाद्यं त्यांच्यावरून तिरकी जातात. ते तसं ऐकलं तर मजा आहे, मैफलीच्या अपेक्षेने ऐकलं तर अर्धवट वाटेल.

‘टच’ हा पाच मिनिटांचा तुकडा प्रवेशद्वारासारखा आहे, पण रेकॉर्डचा जीव ‘सँड-ग्लास’ या साडेपंधरा मिनिटांच्या रचनेत आहे. एक छोटी आकृती फिरत राहते आणि तिच्यावर थर चढत जातात. इथे क्रिस्टेन्सनकडे लक्ष द्या. ते ठेका धरत नाहीत, तो सुचवतात. झांजेवर मात्रा मोजायला गेलात तर चुकाल. त्याऐवजी खालची फिरती आकृती पकडा आणि झांज तिच्याभोवती कशी सैल फिरते ते ऐका. ‘लेफ्ट लेन’ हे शेवटचं नाव जर्मन महामार्गावरच्या डाव्या, म्हणजे ओलांडून पुढे जायच्या मार्गिकेवरून आलं असावं. ब्रुनिंगहाउस यांना तिथे मोकळं रान मिळतं आणि ते त्याचा पुरेपूर उपयोग करतात. संचातून एकच सीडी निवडायची असेल तर हीच.

‘सायलेंट फीट’ नोव्हेंबर १९७७ ची. तीनच रचना, त्यातली पहिली ‘सीरियसली डीप’ जवळजवळ अठरा मिनिटांची. क्रिस्टेन्सन यांच्या जागी इथे जॉन मार्शल आले, ‘सॉफ्ट मशीन’ या ब्रिटिश गटातले, आणि चौकडीचं वजनच बदललं. मार्शल यांचा ठेका ठाम आहे. बास ड्रम आणि स्नेअर कुठे पडणार हे कळतं, त्यामुळे वेबर यांना त्यावर अधिक मोकळेपणाने रेंगाळता येतं. वेबर यांचं बासवादन समजून घ्यायचं तर याच सीडीपासून सुरुवात करावी, भले ‘यलो फील्ड्स’ रेकॉर्ड म्हणून सरस असो. कारण साधं: खालचा ठेका पक्का असला की वरचा स्वर समेच्या आधी येतो की नंतर, हे कानाला मोजता येतं. वेबर बहुतेक वेळा किंचित मागे असतात. स्वर छेडतात, मग तो वर ओढून जागेवर नेतात, आणि जागेवर पोचेपर्यंत मात्रा उलटून गेलेली असते. ही सवय ‘सीरियसली डीप’च्या लांबीत नीट उलगडते. दोन-तीनदा ऐकल्यावर ती प्रत्येक रचनेत दिसायला लागते.

‘लिटल मूव्हमेंट्स’, जुलै १९८०. इथे रचना लहान आणि संख्येने जास्त, पाच. ‘द लास्ट स्टेज ऑफ अ लाँग जर्नी’ ही सुरुवातीची संथ रचना संचातली सर्वांत सुंदर चाल आहे, यावर वाद घालायची तयारी आहे. वेबर यांनाही ती जवळची असावी, कारण मार्च २००५ मध्ये पासष्टीनिमित्त स्टुटगार्टमध्ये झालेल्या मैफलीत त्यांनी ती वाद्यवृंदासह पुन्हा घेतली आणि त्या मैफलीच्या रेकॉर्डला नावही त्यावरूनच दिलं. बाकीच्या रचनांत मात्र चौकडी आपलीच जुनी वळणं पुन्हा घेताना ऐकू येते. ‘बाली’ पुनरावृत्तीवर उभी आहे आणि पहिल्या काही मिनिटांनंतर तिच्यात नवं फारसं घडत नाही. ही सीडी वाईट नाही, पण तिन्ही सलग ऐकल्या तर इथे थकवा येतो. एका दिवशी एकच ऐका.

कशावर ऐकायचं, हे या संचाच्या बाबतीत खरोखर महत्त्वाचं आहे. फोनच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही. म्हणजे वेबर यांच्या पाचही मोकळ्या तारांचा मूळ नाद तिथे गायबच. उपस्वरांवरून कान मूळ स्वर ताडून घेतो, त्यामुळे चाल कळते, पण स्वराचं अंग जातं आणि उरतो तो एक अनुनासिक, लांबट आवाज. ‘हा तर सिंथेसायझर वाटतो’ अशी तक्रार या रेकॉर्डबद्दल ऐकू येते. ती करणाऱ्याने आधी हेडफोन लावून पाहावा.

खोलीत स्पीकरवर ऐकत असाल तर उलटी अडचण येते. खोली ४ मीटर लांब असेल तर तिची पहिली घुमणी ४३ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ बासच्या सर्वांत खालच्या तारेवर. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर खालचे काही स्वर अचानक फुगतात; खोलीच्या बरोबर मध्यात बसलात तर तेच स्वर नाहीसे होतात. खुर्ची मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर आणा आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. ‘बेस बूस्ट’चं बटण बंद ठेवा. वेबर यांचं गाणं बहुतेक वेळ शंभर हर्ट्झच्या वर चालतं. ते बटण त्याच्या खालचं सगळं उचलतं, मार्शल यांचा बास ड्रम फुगतो आणि ज्यासाठी संच घेतला तोच आवाज झाकला जातो. आणखी एक: प्लेलिस्टमध्ये उलटसुलट क्रमाने लावू नका. पंधरा-अठरा मिनिटांच्या रचना चढत जायला वेळ घेतात. मध्येच दुसरं काही आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बास वाजवणाऱ्यांसाठी स्वतंत्र इशारा. हा संच ऐकून उभा इलेक्ट्रिक बास आणि रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं यंत्र) विकत घेण्याची इच्छा होते, आणि मग घरी जे ऐकू येतं ते चिखलासारखं असतं. कारण बहुधा हे: रिव्हर्बमध्ये खालचे स्वरही तितकेच जातात आणि एकमेकांवर साचतात. रिव्हर्बचा परतीचा आवाज २०० हर्ट्झच्या खाली कापा. कोरडा, म्हणजे मूळ आवाज पूर्ण ठेवा आणि ओला, म्हणजे रिव्हर्बचा, त्यात थोडाच मिसळा. कोरस (आवाजाची किंचित डुलणारी प्रत त्यात मिसळणारं यंत्र) वापरायचा तर फक्त वरच्या दोन तारांसाठी. खालच्या ई तारेवर कोरस लावला की स्वर सावकाश डुलतो, आणि बाकीच्यांना वाटतं तुम्ही बेसूर आहात. तारेची लांबी मीटरच्या पुढे आणि पडदे नाहीत, त्यामुळे बोट तीन-चार मिलिमीटर सरकलं तरी ते कळतं. लांब टिकणाऱ्या स्वरात ते जास्तच उघडं पडतं, कारण साध्या बासचा स्वर चूक लक्षात यायच्या आत विरतो, हा विरत नाही. तेव्हा यंत्रांआधी सराव असा: तानपुरा किंवा एखादा स्थिर स्वर लावा, चाल आधी गळ्याने म्हणा, मग ती फक्त एका तारेवर, बोट न उचलता, सरकवत वाजवा. छेडणारं बोट पट्टीच्या टोकापाशी ठेवलं तर आवाज मऊ, घोडीकडे नेलं तर टोकदार. वेबर यांची अर्धी अदाकारी या दोन जागांमधल्या प्रवासात आहे.

संचाच्या उणिवा. एक, यात नवं काही नाही: न प्रसिद्ध झालेली मैफल नाही, वेगळी टेक नाही. तिन्ही रेकॉर्ड आधीच तुमच्याकडे असतील तर पेटीसाठी पैसे घालू नका. दोन, यातून गोष्ट मधूनच सुरू होते. ‘द कलर्स ऑफ क्लोई’ चौकडीच्या आधीची म्हणून ती यात नाही, आणि सगळं बीज तर तिच्यात आहे. स्टुटगार्टच्या रेडिओ वाद्यवृंदातले चेलोवादक, अॅक फान रोयेन यांचं फ्लूगेलहॉर्न हे ट्रम्पेटसारखं वाद्य, आणि चेलोंच्या थराच्या वर गाणारा वेबर यांचा बास. १९७६ ची ‘द फॉलोइंग मॉर्निंग’ही चौकडीची नसल्याने बाहेर राहते. तीन, मूळ मुखपृष्ठं. वेबर यांच्या पत्नी, चित्रकार माया वेबर यांनी त्यांच्या अनेक रेकॉर्डची मुखपृष्ठं केली, आणि ती चित्रं या संगीताचा भाग आहेत. ती मोठ्या आकारात पाहायची तर जुनी एलपी शोधावी लागते.

एवढं असून वेबर यांचं नाव मोठ्या बासवादकांच्या यादीत मागेच का राहतं? एक उदाहरण पुरेसं आहे. गिटारवादक पॅट मेथेनी यांच्या १९७६ च्या पहिल्या रेकॉर्डवर बास वाजवला जाको पास्तोरियस यांनी, आणि १९७७ च्या दुसऱ्या रेकॉर्डवर, ‘वॉटरकलर्स’वर, वेबर यांनी. पडदे काढलेला बास गिटार वेगात वाजवता येतो हे पास्तोरियस यांनी दाखवलं. ते प्रत्येक बास गिटारवाल्याला आपल्या वाद्यावर करून पाहता येण्यासारखं होतं, म्हणून त्यांची नक्कल जगभर झाली. वेबर यांच्यासारखं वाद्य दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि त्यांनी दाखवलं ते वेगात मोजता येत नाही. शिवाय १९८० च्या दशकापासून साधारण पाव शतक ते सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांच्या गटात होते. तिथे पुढचं नाव सॅक्सोफोनचं. ब्रिटिश गायिका केट बुश यांच्या १९८५ च्या ‘हाउंड्स ऑफ लव्ह’मधल्या ‘मदर स्टँड्स फॉर कम्फर्ट’ या गाण्यातला तो वळणावळणाचा बास लाखो लोकांनी ऐकला आहे. तो कुणाचा, हे त्यातल्या किती जणांनी वाचलं असेल?

२००७ च्या एप्रिलमध्ये गार्बारेक यांच्यासोबतच्या दौऱ्यात असताना बर्लिनमध्ये वेबर यांना पक्षाघात झाला आणि त्यांचं बासवादन तिथे थांबलं. पुढे जे झालं त्यामुळे या संचानंतर काय घ्यावं, याचं उत्तर सोपं झालं. गार्बारेक यांच्या मैफलींत वेबर एकट्याने जे तुकडे वाजवत, त्यांची ध्वनिमुद्रणं जमली होती. ती त्यांनी बसून निवडली, त्यांवर स्वतः कीबोर्ड चढवला, आणि २०१२ मध्ये ‘रेझ्युमे’, २०१५ मध्ये ‘आँकोर’ अशा दोन रेकॉर्ड केल्या. रचनांना नावं त्या त्या गावांची आहेत: मारबुर्ग, ट्युबिंगन, बाथ, ग्रेनोबल. ‘आँकोर’वर फान रोयेन आहेत, म्हणजे ‘क्लोई’तला जोडीदार चाळीस वर्षांनी परत. ‘रेझ्युमे’ आधी घ्या, ती जास्त घट्ट आहे.

केवळ बास, दुसरं कुणी नाही, असं हवं असेल तर ‘वन्स अपॉन अ टाइम’. १९९४ मध्ये आव्हिन्यों इथे झालेली एकट्याची मैफल, प्रसिद्ध झाली २०२१ मध्ये. वेबर एक आकृती वाजवतात, यंत्र ती धरून ठेवतं, तिच्यावर दुसरी, मग वर चाल. ‘कलर्स’मध्ये जे काम ब्रुनिंगहाउस यांचा डावा हात करायचा, ते इथे वेबर यांचा स्वतःचाच मागे राहिलेला आवाज करतो. ‘सीरियसली डीप’ नीट ऐकून झालं असेल तर इथला प्रत्येक थर कधी आणि कशासाठी चढतो ते पहिल्याच खेपेला कळेल. ‘सायलेंट फीट’ आधी आणि आव्हिन्यों नंतर, हा क्रम सांभाळा. स्टुडिओतली एकट्याची ‘पेंड्युलम’ (१९९३) त्यानंतर ऐकायला हरकत नाही, पण प्रेक्षकांसमोरची धाकधूक तिच्यात नाही.